चौकाच्या एकेचाळीस तक्रारी

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेज का सोडलंस, हे तू पाचव्यांदा विचारलं आहेस. मीही पाचव्यांदा सांगतो: सरांनी मला वर्गाबाहेर काढलं, मी कॉलेजच सोडलं, फिट्टंफाट! सध्या चौकातल्या सायकलच्या दुकानात पंक्चरं काढतो आणि सुखात आहे. म्हणजे परवापर्यंत होतो.

आमच्या चौकात एक पोलीस शिपाई उभी असते. सगळे तिला शिट्टीबाई म्हणतात. ती शिट्टी वाजवते तेव्हा ट्रक थांबतात आणि माझा हात पंपावरच थांबतो. मध्ये एका मोटारवाल्याशी मी हमरीतुमरीवर आलो, तर तिनं मलाच दम दिला. आत्या, असा दम मला जन्मात कुणी दिला नव्हता! तेव्हापासून जेवण जात नाही. (काळजी करू नकोस, दोन वेळा जातं.)

आता ठाणेदार म्हणतात, पुढच्या महिन्यात चौकातली नेमणूक बंद. तू वीस वर्षं मुख्यालयात बंदोबस्ताच्या टेबलावर बसतेस. सरकार पोलीस कुठे ठेवायचे ते कशावरून ठरवतं, एवढं कळव. नाहीतर येऊन त्या टेबलाचे पाय मोडीन.

टेबल मोडलं तरी लोभ मोडू नये.
तुझा,
भडक्या


दि. ८ मार्च

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पाय मोडायला येऊ नकोस, एका पायाखाली आधीच वीट आहे.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक ठाण्याकडून आकडे येतात: वस्ती किती, अपघात किती, तक्रारी किती. माणसं थोडी आणि जागा फार. पांघरूण तोकडं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. तुझ्या चौकातून तक्रार आली एकच, तीही कबुतरांविरुद्ध. म्हणजे तिथे सगळं आलबेल. ती पोरगी उन्हात उभी असते म्हणून आलबेल आहे, हे लिहायला आमच्या तक्त्यात रकाना नाही. मी साहेबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, रकाना वाढवला तर कागद आडवा छापावा लागेल.

तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणून बजावते, डोकं चालवू नकोस. सरळ जाऊन तिच्याशी बोल.

वेळेवर जेव आणि कुणाशी भांडू नकोस. यातलं एक तरी पाळ.
तुझी आत्या


दि. २१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फत्ते! तिच्याशी बोलायला गेलो, पण तोंडातून शब्द फुटेना, म्हणून डोकं चालवलं. दहा दिवसांत एकेचाळीस तक्रारी टाकल्या. किराणावाला, शिंपीकाका, वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा, सगळ्यांच्या नावानं. त्यांना पत्ता नाही. हॉर्न, हातगाड्या, मारामाऱ्या, सायकलच्या घंटांची चोरी. एक घंटा मी खरीच काढली, खोटं नको म्हणून. नंतर परत लावली.

आता बघू कोण हलवतं तिला!

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा विजयी,
भडक्या


दि. २६ मार्च

चि. भडक्यास,
आशीर्वाद आजपुरते राखून ठेवते.

दिवे लावलेस! तीसच्या वर तक्रारी गेल्या की जागा ‘गंभीर’ होते. गंभीर जागी एकटा शिपाई ठेवत नाहीत, गाडी आणि सहा जण जातात. तुझ्या चौकात आता सहा मिशा उभ्या राहतील आणि तुझी शिट्टीबाई गावाबाहेरच्या गोदामावर जाईल.

आणि ते सहा आकाशातून पडत नाहीत. चार जण सरकारी दवाखान्याच्या फाटकावरून काढायचे ठरलेत. तिथे पेशंटचे नातेवाईक नर्सबाईंच्या अंगावर धावून जातात. तिथलं पांघरूण तू ओढलंस.

प्रत्येक अर्जावर ग्रीसचा अंगठा उमटलाय. मी ओळखला, अजून कुणी नाही. सोमवारी हुकमावर सही होईल. मी बोलले तर ती चहाडी, तू बोललास तर कबुली. तुझं तू ठरव.

रागातही तुझीच,
आत्या


दि. ३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेलो ठाण्यात. जबाब घ्यायला नेमकी तीच बसली होती! सगळं ओकलो. तिनं कारण विचारलं. मी पंख्याकडे बघितलं. तिनं परत विचारलं. मग सांगून टाकलं.

तिनं ते सरकारी भाषेत लिहिलं, की सदर इसमाचं मन जबाब घेणाऱ्या शिपायावर जडल्यामुळे त्यानं खोटे अर्ज केले. नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. ठाणेदार तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. ती हसली नाही. सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.

समज देऊन सोडलं. एकेचाळीस अर्ज रद्द, चौकातली नेमणूकही रद्द. तिनं स्वतः दवाखान्याचं फाटक मागून घेतलंय. म्हणाली, गरज तिथे आहे. तिच्या जागी आता नुसता खांब आहे, आणि मीच तसं करून घेतलंय.

राखून ठेवलेले आशीर्वाद पाठवावेत, फार गरज आहे.
तुझा,
भडक्या


दि. ५ एप्रिल

चि. भडक्यास,
अ. उ. आ., मागच्यासकट.

दवाखान्याचे चौघे जागच्या जागी राहिले, पाचवी तुझी शिट्टीबाई. तुझ्या प्रकरणाचा अहवाल माझ्या टेबलावर आला. तिच्या अक्षरात आहे. शेवटचे रकाने उतरवून पाठवते, फाडू नकोस.

‘इसम पुन्हा असे करण्याची शक्यता: दाट. नजर ठेवण्यास लागणारे मनुष्यबळ: एक. कोण: स्वतः. वेळ: रविवारी, सुटीच्या दिवशी.’

साहेबांनी न वाचता सही ठोकली. म्हणजे आता ही सरकारी नेमणूक आहे, बाबा! रविवारी दाढी कर आणि नखांतलं ग्रीस काढ.

तुझी आत्या