दुर्गाबाईच्या नावावरचे ऑपरेशन

मी, श्रीमती वच्छला श्रावण तायडे, वय ६७ वर्षे, धंदा पूर्वी डाळ मिलमध्ये डाळ निवडणे, सध्या आराम व सर्वांवर देखरेख, राहणार शिवणी, अकोला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. सुनेने मागितल्यास दाखवावा. मसुदा आमच्या युनियनच्या वकील भावनाताई यांनी तपासला. अवांतर मजकुराखाली त्यांनी लाल रेघा ओढल्या होत्या. तो मजकूर मी तसाच ठेवला आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागची मोरी, माझा मुलगा किशोर आणि मुलगी आरती यांना निम्मे-निम्मे. किशोर अमरावतीला असतो, आरती दर्यापूरला. भांडायचे असेल तर दोघांनी माझ्या हयातीतच भांडून घ्यावे, मला ऐकायचे आहे. अट एकच. समोरची खोली दर रविवारी सकाळी युनियनला द्यायची. तिथे बाया विम्याच्या कार्डाचे फॉर्म भरायला येतात. किशोरला त्या खोलीत मोबाइलचे दुकान टाकायचे आहे. खुशाल टाकावे, फक्त रविवारी दुपारपर्यंत बंद ठेवावे.

कलम २. माझे मिलमधले सूप सून गीतांजली हिला. ती यूट्यूबवर बघून पाखडते आणि निम्मी डाळ अंगणात सांडते. सूप चांगले आहे, तिने हात सुधारावा. कानातले आरतीला. बँकेत जे काही असेल ते पियुष आणि आचल या नातवंडांच्या शिक्षणाला.

कलम ३. मुकादम महादेवराव यांना मी काहीही देत नाही. त्यांनी मागितलेले नाही, तरीही देत नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे.

मी आणि माझी मोठी जाऊ दुर्गाबाई, आम्हा दोघींत मिळून मिलची एकच जागा होती. एक आठवडा ती जायची, एक आठवडा मी. जी घरी राहील तिने दोन्ही घरची लेकरे सांभाळायची. हजेरीपटावर नाव मात्र तिचे एकटीचे. मुकादम म्हणायचे, "दोघीबी तायडेच ना? मले काय फरक पडते?" चौदा वर्षे हजेरीच्या वेळी मी दुर्गाबाई या नावाला 'हाव' म्हणत आले.

पुढे युनियनने भांडून मिलच्या कामगारांना विमा मिळवून दिला, तेव्हा आम्हा दोघींना मिळून कार्डही एकच आले. २०११ साली माझ्या पित्ताशयात खडे झाले. खाजगी दवाखान्याचा खर्च ऐकून आमचे हे तिथेच खाली बसले. दुर्गाबाईने आपणहून कार्ड माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "जाय, दुर्गाबाई बनून जाय. अन् जित्ती वापस ये." मी डोक्यावर पदर घेऊन विमा दवाखान्यात गेले आणि माझे पित्ताशय तिच्या नावावर निघाले.

वर्षभराने तिच्याही पोटात खडे झाले. विमा दवाखान्यातले डॉक्टर कागद पाहून म्हणाले, बाई, तुमचे पित्ताशय तर मागच्याच वर्षी काढले आहे. दुर्गाबाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "अवो डाक्टर, काढलं त मंग दुखून काय राहिलं?" सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांसकट दिसले. आता कागद खोटा की पोट खोटे, याची चौकशी होईपर्यंत ऑपरेशन थांबले.

मी त्याच दिवशी खरे सांगायला हवे होते. काम जाईल, कार्ड जाईल, पोलीस येतील, या भीतीने मी नऊ दिवस गप्प बसले. ती भिंतीपलीकडे कण्हायची आणि मी अलीकडे भाकरी थापायचे. तिने माझे नाव कुणालाही सांगितले नाही. मला याची आजही लाज वाटते.

दहाव्या दिवशी मिलच्या फाटकावर सगळ्या बायांसमोर मी युनियनचे सेक्रेटरी देवमन यांना सगळे सांगून टाकले. वाटले, आता ओरडतील. ते म्हणाले, "वच्छलाबाई, रडता कावून? अजून कोन कोन दुसऱ्याच्या नावानं काम करून राहिलं, हात वर करा." सत्तावीस हात वर झाले. एक बाई तर मेलेल्या सासूच्या नावावर सहा वर्षे डाळ निवडत होती. त्या सासूचा एकही खाडा नव्हता.

देवमन यांनी दीड दिवस मिलच्या चाळण्या बंद ठेवल्या. मालकाने नवा हजेरीपट केला, त्यात प्रत्येकीचे नाव वेगळे. आम्हा सगळ्यांना आपापली कार्डे मिळाली, घरची माणसे त्यात आली. विमा कार्यालयातल्या साहेबांनी मला समोर बसवून चांगले झाडले. मी ऐकून घेतले, चूक माझीच होती. माझा लेखी जबाब गेल्यावर दुर्गाबाईचे ऑपरेशन झाले. तिचे टाके माझ्यापेक्षा सुबक आले आहेत, असे ती येईल त्या पाहुण्याला सांगते.

कलम ४. माझा देह सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शिकणाऱ्या पोरापोरींनी पित्ताशय शोधत बसू नये. बाकी सामान पूर्ण आहे.

कलम ५. दुर्गाबाई हिला वस्तू म्हणून मी काहीच ठेवलेले नाही. भावनाताई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेले बरे, आणि मला साक्षीला तीच हवी. तिच्यासाठी फक्त त्या नऊ दिवसांची माफी इथे मागून ठेवते. तोंडाने मागायला तेरा वर्षांत धीर झाला नाही. मी गेल्यावर हे वाचले जाईल आणि मला तिच्यासमोर बसावे लागणार नाही, असा माझा बेत होता. पण युनियनने आम्हाला शिकवून ठेवले आहे की वाचून घेतल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. त्यामुळे दुर्गाबाई आत्ता चष्मा पुसून समोर बसली आहे आणि 'सारं वाचा' म्हणते आहे. वाचा, भावनाताई. मी इथेच आहे.

वरील सर्व मजकूर माझा आहे, लाल रेघा ओढलेला तर जास्तच.

स्थळ : शिवणी, अकोला
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

सही : वच्छला श्रावण तायडे

साक्षीदार
१. देवमन वानखडे, सेक्रेटरी, डाळ मिल कामगार युनियन. सही माझ्यासमोर झाली.
२. दुर्गाबाई खुशालराव तायडे. (सांगितले तसे भावनाताईंनी लिहून घेतले.) "सारं वाचून घेतलं. सही करनारी वच्छलाच हाये, दुसरी कोनी नाही. माफ त म्या तवाच केलं होतं. इनं कदी मांगतलंच नाही, मी तेरा वर्सं वाट पाहून राहिली."