चिऊच्या आधीचं चि.

३ नोव्हेंबर २०२५, देवास

धारहून सकाळच्या बसने आलो. घर छान मिळालं. दोन खोल्या, गच्चीतून देवीची टेकरी दिसते, खाली घरमालकीण माई. चिऊने गच्चीत तीन चकरा मारल्या आणि माईंकडून पोहे मिळवले. सहा वर्षांची आहे. विनोदिनी जाऊन चार महिने झाले, पण लेक आज हसली. इथे बरं वाटेल.

५ नोव्हेंबर

चिऊला शाळेत घातलं. नव्या नोकरीतलं काम समजलं. माळव्यातल्या मराठी घरांना संदेश पाठवणारी यंत्रणा आहे. दर घराची एक सेटिंगची फाइल. नावाआधी ती., सौ., चि. किंवा कै. लिहिलेलं असतं, त्यावरून वाढदिवसाचा संदेश जायचा की तिथीचा, ते ठरतं. फाइल वाचणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, मी हास्केल या संगणकाच्या भाषेत लिहायचा. ही भाषा मला आवडते. तेच दिलं की तेच उत्तर, आज काय, वर्षाने काय. नावाआधी काही नसेल तर ती ओळ ज्याच्या खाली आत सरकवली आहे, त्याचं लागू, असा नियम ठेवला.

सोबतचा धीरज हिंदी शाळेतला. म्हणाला, "भिया, ये चि. मतलब चिल्लर क्या?" शेजारच्या टेबलावरची मोना म्हणाली, चिल्लर तूच.

७ नोव्हेंबर

तपासणीसाठी आमच्याच घराची फाइल केली. वर भास्कर, खाली कै. विनोदिनी. ते लिहायला वेळ लागला. तिच्याखाली चिऊ, नुसतंच. विनोदिनी पत्रिकांवर, शाळेतही तसंच लिहायची. नावातच चि. आहे, वेगळं कशाला, म्हणायची.

पार्सरने वाचलं: चि. ऊ. धीरज दिवसभर ऊताईंची खुशाली विचारत होता. संध्याकाळी दुरुस्त केलं. टिंब असेल तरच चि. वेगळं काढायचं. आता पूर्ण नाव आलं: कै. चिऊ. आईखाली आहे म्हणून आईचं लागलं. नियमाने बरोबरच. सोमवारी बघतो म्हणून उठलो.

१० नोव्हेंबर

सकाळी मोबाइलवर संदेश आला, चिऊच्या पुण्यतिथीचा. चाचणीचाच, पण लगेच पुसून टाकला.

शाळेतून आणायला गेलो तर ती फाटकाबाहेर एकटी. तिच्या वर्गाच्या सरला मॅडमना विचारलं. "इस नाम की कोई बच्ची नहीं है, भैया." चिऊ माझं बोट धरून उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

माईंनी जेवायला बोलावलं. एकच पान वाढलं आणि हळूच म्हणाल्या, दोघी एकदमच गेल्या का हो?

११ नोव्हेंबर

फाइलमध्ये चिऊच्या आधी चि. लिहिलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. नुसतं चिऊ. अकरा वेळा. मोनाने करून पाहिलं, तेच. पार्सर फाइल फक्त वाचतो, लिहीत नाही. कुणाला तरी ते चि. नको आहे.

चिऊ जेवत नाही. हात गार.

१२ नोव्हेंबर

विनोदिनीचं कै. काढून सौ. केलं. हे टिकलं. चिऊ दोन पोळ्या जेवली. शाळेतून फोन, आज का आली नाही म्हणून. मी रडलो.

दुपारी माई म्हणाल्या, तुमच्या सौ. विरजण मागायला आल्या होत्या. अबोल आहेत, पण आल्या ते बरं झालं.

१३ नोव्हेंबर

चिऊची वेणी घातलेली. मी घातली नाही. इतकी घट्ट की तिला मान वळवता येत नाही. म्हणते, आई सारखी चल म्हणते. कुठे ते सांगत नाही.

स्वयंपाकघरात पाठमोरी आहे. हाक मारली नाही.

पुन्हा कै. करू? मग चिऊ— सौ. ठेवलं तर ही घेऊन जाईल.

१४ नोव्हेंबर, सकाळ

घरीच लॅपटॉपवर चिऊची ओळ माझ्या खाली आणली. टिकली. पण तिला लागू व्हायला माझ्या नावाआधी काहीच नाही. आपल्या नावाआधी आपण काही लिहायचं नसतं, वडिलांनी शिकवलेलं. आज लिहिलं— ती. भास्कर. पुसलं गेलं. पुन्हा. पुसलं. ते दुसऱ्यानेच लिहायचं असतं.

दुपार

माझ्या नावाआधी अक्षर आलं. मी हात लावला नाही. क. त्यावर मात्रा. दुसरी—

चिऊ माझ्याच खाली आहे. लॅपटॉपच्या कळा दाबल्या जात नाहीत, वहीत एवढं लिहिता येतंय. चिऊ दाराकडे निघाली, कुणाचं तरी बोट धरून— मोनाला फोन— ओळ हलवायला सांगतो— पण कुणाच्या खाली—