चूल बदलायची नाही

दिल्ली, ४ जून १९९७

ती. सौ. सत्यशीलाताईस,
धाकट्या वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

हवा तापवणारा देशाचा धूर पुढच्या पंचवीस वर्षांत कसा कमी करायचा, याचा आराखडा आमच्या कार्यालयात चालला आहे. आधी आज किती धूर होतो ते कळायला हवे. तू मॅट्रिक, लिहिण्यात पक्की. चुलीत जाणारे सरपण, गोवऱ्या रोज तोलून वर्षभर लिही. काटा पाठवतो. अट एकच, तोवर चूल बदलायची नाही.

भावजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

वैजनाथ

पाथर्डी, ९ डिसेंबर १९९७

चि. वैजनाथास अनेक आशीर्वाद.

मोहटादेवीच्या कृपेने आम्ही चौघे ठीक. रोज तोलते. तुझे भावजी म्हणतात, मेहुणा दिल्लीला जाऊन आमच्या गोवऱ्या मोजायला शिकला.

सहा वर्षांनी गॅसचा नंबर लागलाय. सूनबाईचा, रतनचा, दमा वाढलाय. डॉक्टर म्हणाले, धुरात बसवू नका. ती म्हणते, आत्याबाई, धूर लई झोंबतो, तव्यावरची भाकर दिसत न्हाई. मच्छिंद्र बायकोसाठी गॅसला हटून बसलाय. काय करू ते कळव.

तुझी ताई

दिल्ली, २० डिसेंबर १९९७

ती. ताईस सा. न.

नंबर सोडून दे. गॅस आला तर सहा महिन्यांची मेहनत वाया. तुझे आकडे साहेबांनी बैठकीत वाचून दाखवले. आराखड्यात तुझ्यासारख्या घरांना २०१५ पर्यंत गॅस धरला आहेच. रतनला म्हणावं, जूनपर्यंत तोंडाला पदर बांध.

वैजनाथ

पाथर्डी, ११ मार्च १९९८

चि. वैजनाथास आशीर्वाद.

नंबर सोडला. मच्छिंद्र दोन दिवस जेवला नाही, मग जेवला. रतनला सांगितलं, देशाचं काम आहे. तिने पदर बांधला.

गेल्या गुरुवारी ती चुलीपुढेच गेली. मी देवळात होते.

तीन दिवस चूल पेटली नाही, कडू घास शेजारच्या मालनबाईंनी आणला. त्या दिवसांपुढे शून्य लिहिलंय. बरोबर ना?

तुझी ताई

दिल्ली, २३ मार्च १९९८

ती. ताईस सा. न.

रतनचे कळून वाईट वाटले. शून्य चालत नाही. रोजच्यासारखे दिवसच धरतात. ते तीन दिवस जूनमध्ये भरून दे. जेवणारी माणसे चारऐवजी तीन लिही.

वैजनाथ

पाथर्डी, ४ एप्रिल १९९८

चि. वैजनाथास आशीर्वाद.

भरून देते. तिघांत सरपण फारच कमी लागतंय, तुझा आराखडा बिघडायचा. मच्छिंद्र माझ्याशी बोलत नाही, पण मी त्याच्यासाठी राहात्याची एक मुलगी पाहून ठेवलीय. छाती धडधाकट, चुलीची सवय. वैशाखात उरकून घेऊ. तू अक्षतेला ये, बहिणीला विसरू नको.

लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माणसे पुन्हा चार लिहीन.

तुझी ताई