चाळीस रोपं, पाच हिरवी

३ ऑक्टोबर

आज अकरावा नकार! ट्रॅक्टरवाला तर तोंडावर हसला. "आधी सासऱ्यांच्या बांधावर लावा, मग आम्हाला शिकवा."

काय खोटं बोलला? मी रोपवाटिकेत नोकरीला. शेताची एक कड झाडांना द्या म्हणत सायकलवर दारोदार फिरते — आणि घरच्या बांधावर एक काडी नाही! घरी येऊन मामंजींना विचारलं. "सावलीनं पीक बसतं," एवढंच बोलून ताटावरून उठले. नवऱ्यानं कानावर हात ठेवले. "तुमच्या दोघांत मला ओढू नकोस."

ठीक आहे. आता मीही हट्टाला पेटलेय.

७ ऑक्टोबर

उत्तरेच्या बांधावर उंच बांबू रोवला. सकाळी, दुपारी, चार वाजता — सावलीच्या टोकाला खुंटी ठोकली. एकही खुंटी पिकात नाही! सगळ्या पलीकडे रस्त्यावर. मामंजींनी तीनदा बघितलं. या माणसानं जन्मात कधी "माझं चुकलं" म्हटलेलं मी ऐकलं नाही. आजही म्हटलं नाहीच.

"चाळीस आण. मेली तर नांगर फिरवीन."

१२ ऑक्टोबर

बांधावर लागवड बघायला बारा माणसं जमली! पाच रोपं मी लावून दाखवली. खड्डा, खत, माती, पाणी, आधाराची काठी. ती पाच कालच तयार करून ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली होती, म्हणून काम झटपट झालं. उरलेली पस्तीस मामंजींनी लावली. माझ्या हाताला कुदळ लागू दिली नाही! "तू बोल फक्त."

सातजण रोपं घेऊन गेले. त्यात ट्रॅक्टरवाला!!

१३ ऑक्टोबर

अंग ठणकतंय. खूश आहे.

२० नोव्हेंबर

रोपं पिवळी पडलीत. सातही शेतांत. रोपवाटिकेतले साहेब म्हणतात पाणी कमी पडलं. पाणी मी स्वतः बघितलंय!

आमच्या बांधावर तर कमालच. मी लावलेली पाच हिरवीगार, मामंजींची पस्तीस माना टाकून. "माझ्या हाताला गुण नाही म्हण," मामंजी म्हणाले. हसले नाहीत. रविवारी नांगर धरणार. एकदा इथे नांगर फिरला की बाकीचे सात थांबतात कशाला? पुन्हा या भागात कुणी झाडाचं नाव काढणार नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळीच एक पिवळं रोप उकरलं. खाली रोपवाटिकेतली काळी प्लास्टिकची पिशवी तशीच! मुळं आतल्या आत गोल गोल वळलेली.

माझ्या पाचांच्या पिशव्या मी आदल्या दिवशीच कापल्या होत्या. पिशवी काढताना मला कुणी बघितलंच नाही. आणि मीही सांगितलं नाही — एका शब्दानं नाही! इतकं साधं, कुणाला न कळायला काय झालं, असं धरून चालले.

मामंजींना तिथेच सांगितलं. "मला वाटलं, पिशवी ओल धरून ठेवत असेल," म्हणाले. मग कुदळ खांद्यावर टाकून निघून गेले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी बांधावर बसून रडले.

रडून झालं. मुळं अजून पांढरी आहेत, म्हणजे जगतील. शेजारून कुदळ मागून आणली आणि पस्तीसही काढून, पिशव्या फाडून पुन्हा लावली. हाताला फोड आलेत. उद्या सात दारं. प्रत्येकाला सांगणार — चूक माझी. काय बोलायचं ते बोलोत.

२२ नोव्हेंबर

सर्वांत अवघड आधी, म्हणून ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. त्याच्या बांधावर मामंजी गुडघे टेकून पिशवी फाडत होते. बाकीची सहा शेतं त्यांनी कालच उरकली होती.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सासऱ्यांनी सांगितलं सगळं. 'सूनबाईनं पिशवी काढायला बजावलं होतं, मीच ऐकलं नाही, माझं बघून तुम्हीही फसलात — माझं चुकलं,' म्हणाले."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मामंजींनी मान वर न करता कुदळ माझ्या हातात दिली.