निकिफोरची बंदूक

प्रिय मार्फा,

धुक्यामुळे टपालाचं विमान दोन दिवस आलेलं नाही. हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हाती पडेल की नाही, या काळजीनं जीव टांगणीला लागला आहे. सहावीत शाळा सोडून मी होडीवर गेलो, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझ्या बाबांच्या, निकिफोरच्या, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी येतो आहे. गुडघा कुरकुरतो, पण येईन. कणकेत सॅमन मासा भरलेलं पिरोक मीच भाजून आणतो. तुझ्या हातचं खारट होतं, असं निकिफोर म्हणायचा आणि दोनदा मागून घ्यायचा.

पाद्रीबाईंकडून कळलं की जेवणं झाल्यावर तू त्याची बंदूक खाडीत बुडवणार आहेस. "ऐन वेळी दगा देणारी वस्तू माझ्या नातीच्या हाती नको," असं तो सांगून गेला म्हणे. ऐकलं आणि लगेच कागद घेऊन बसलो.

ती चालवायला मला त्यानंच शिकवलं. अंगठ्याएवढी जाड काडतुसं, खांदा आठवडाभर ठणकायचा. बार काढला की खालचा दांडा पार मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा, तेव्हाच पुढचं काडतूस चढतं. मी घाईत अर्धवटच ओढायचो. "ग्रिशा, चहा ढवळतोयस का? पार मागे ओढ, गाढवा," असं म्हणून तो खो खो हसायचा.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हाची गोष्ट. हरणाचं मांस त्याच्या पाठीवर होतं, म्हणून बंदूक माझ्याकडे. मांसाच्या वासानं झुडपातून अस्वल आलं. पहिली गोळी लागली, तरी ते थांबलं नाही. पुढचं गावाला ठाऊक आहे: बंदूक अडकली, अस्वलानं त्याचा डावा हात कायमचा निकामी केला, मग कशीबशी दुसरी गोळी सुटली. रक्तात पडल्या पडल्या तो म्हणाला, "माझंच चुकलं. काल तेल घालायला हवं होतं." पुढे सव्वीस वर्षं तो एका हातानं जाळी सांधत राहिला आणि दर नाताळाला मलाच म्हणायचा, "माफ कर, ग्रिशा. माझ्यापायी तूही मेला असतास."

बंदूक अडकली नव्हती, मार्फा. मी घाबरलो आणि दांडा अर्धाच ओढला. चाप ओढला तर आत काडतूसच नव्हतं. पुन्हा नीट मागे ओढून पुढे ढकलला, तेव्हा लगेच गोळी सुटली. त्यानं तेलाचं नाव काढलं आणि मी मान हलवली. दर वर्षी ठरवायचो, हा मासेमारीचा हंगाम संपला की सांगू. आता तो ऐकायला नाही. म्हणून रविवारी हे पत्र जेवणाआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मी दाराशी बसेन, उठून जाणार नाही. माझ्या पिरोकला कुणी हात लावला नाही तरी चालेल, पण बंदूक पाण्यात टाकू नकोस. ती तुझ्या दार्याला दे, आणि दांडा पार मागे कसा ओढायचा ते तिला तिच्या आजोबांसारखं शिकव.

तुझाच,
ग्रिगोरीकाका