पूजेच्या नारळाची चटणी

ती. आईंना डोंबिवलीहून नयनाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. ह्यांच्या डाव्या हाताची जखम पूर्ण भरली. साइटवरच्या करवतीच्या मशीनने नेलेली दोन बोटं सोडली, तर बाकी सगळं जागेवर आहे. माझ्या भाजीला नावं ठेवणंसुद्धा.

फक्त मशीनसारखा आवाज सहन होत नव्हता. मी मिक्सर लावला, की हे चपला घालून मानपाड्याच्या नाक्यापर्यंत चालत जायचे. म्हणून मी तुमचा पाटा काढला. माझे दंड बघाच आता.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना?

काल खंडेनवमीला ठेकेदाराने ह्यांना हत्यारांच्या पूजेला बोलावलं. मला वाटलं जाणार नाहीत, पण गेले. पोरं करवतीला झेंडूची माळ घालत होती. हे म्हणाले, "अरे, माळ राहू दे. कामात आड येतं म्हणून पात्यावरचं झाकण काढून ठेवलंय, ते आधी बसवा." झाकण बसल्यावरच ह्यांनी नारळ फोडला.

आज सकाळी घावनांबरोबर त्याच नारळाची चटणी करायची होती. मी पाट्यावर बसले, तर म्हणाले, "अगं, मिक्सर काय शोभेला ठेवलाय?" आणि स्वतःच बटण दाबून, झाकणावर डावा हात घट्ट धरून उभे राहिले. चटणी फारच बारीक झाली, पण मी बंद करा म्हटलं नाही.

तुमच्या पाट्याला आता सुट्टी देणारी,
नयना