पाहुण्यांवरची पाळत

प्रिय ठकू,

परदोषदर्शनावर पोट भरणारा एक मुद्रितशोधक आणि एका अल्पपरिचित संकेतस्थळाचा सर्वाधिकारी संपादक, म्हणजे तुझा बाप, आज स्वतःची चूक दाखवायला बसला आहे. हसू नकोस, प्रकरण किळसवाणे आहे.

तुझ्या मोडलेल्या लग्नावर मी त्या संकेतस्थळावर विनोदी लेख लिहिला आणि तू दोन वर्षे बोलणे टाकलेस, ते योग्यच झाले. लेख मी काढला. परंतु आपले वाङ्मय कोणी वाचते तरी का, या जिज्ञासेने ‘आपला वाचक ओळखा’ नामक सुविधेवर टिचकी मारली. माझ्या त्रिखंडकीर्तीची साप्ताहिक वाचकसंख्या सात निघाली, त्यांत पाच वेळा मीच. उरलेल्या दोन्ही भेटी तुझ्या शहरातून. माझ्या विनोदाला वळसा घालून थेट तुझ्या आईवर लिहिलेल्या पानावर. ती तूच, हे ओळखायला प्रज्ञा लागत नव्हती.

यापुढे मी जे केले त्याला शिष्टसंमत शब्द नाही. रोज सकाळी दात घासण्याआधी तुझी नोंद पाहायची: किती वाजता आलीस, किती मिनिटे थांबलीस, फोनवरून की संगणकावरून. तू जास्त थांबावीस म्हणून त्या पानात मी नव्यानव्या आठवणी घालू लागलो. दिवंगत पत्नीचे आमिष! समोरच्या काकूंना ‘विश्वाच्या चौकीदार’ म्हणणारा मी. त्या बिचाऱ्या निदान खिडकीत दिसतात तरी.

एका मंगळवारी नोंदीत तुझ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या वाय-फायचे नाव आले. गुरुवारी पुन्हा. तेच पान, चाळीस मिनिटे. मी फोन केला आणि तब्येत कशी आहे, असे विचारले. “बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?” तू विचारलेस. आणि या नराधमाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “सांगायला कशाला हवं? बापाच्या काळजाला कळतं, बाई.” तू रडलीस. मानेवरच्या गाठीचे सगळे सांगितलेस. गाठ निरुपद्रवी निघाली, आपला अबोला सुटला, आणि माझे काळीज तुझ्या कार्यालयात विख्यात झाले.

काल तू म्हणालीस, “रविवारी येते. तुमच्यापासून लपवण्यात अर्थच नाही, तुम्हाला न सांगता कळतं.” तेव्हा मला माझ्याच तोंडाची शिसारी आली. म्हणून हे पत्र, रविवारआधी पोचेल अशा बेताने. मला काहीही कळले नव्हते, ठकू. मी चोरून पाहिले होते. एकदा तुझे खासगी चव्हाट्यावर मांडले, दुसऱ्यांदा तुझ्या पाठीमागे उभा राहून वाचले. ती सुविधा बंद केली आहे, नोंदी पुसल्या आहेत. आईच्या आठवणी मात्र खऱ्या आहेत, त्या ठेवल्या. यायचे की नाही, ते तू ठरव. नाही आलीस तरी ते पान उघडेच राहील. तू तिथे येऊन गेलीस का, हे मला कधीही कळणार नाही.

तुझाच, आणि हे पद काढून घेण्याचा अधिकार सर्वस्वी तुझा,
बाबा